त्या कॉम्प्युटरला नेट लागलं नाही

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही माझी मान ताठ होते. नात म्हणते, "आजी, तो मणक्याचा आजार आहे." असेल. पण मान ताठ ठेवायची सवय मला त्या तपासात लागली, हेही खरं.

तेव्हा मी नागपुरातल्या एका ठाण्याची प्रभारी निरीक्षक होते. कडक इस्त्रीचा गणवेश, त्याहून कडक आवाज आणि कॉम्प्युटरबद्दल अगाध अज्ञान. ठाण्यातलं यंत्र अडकलं की मी त्याच्या डोक्यावर थाप मारायची आणि ते चालू झालं की सराईत गुन्हेगाराकडून कबुली मिळवल्यासारखी सगळ्यांकडे बघायची.

एका दुपारी फोन आला. बाईचा आवाज. धरमपेठेतल्या एका फोटो स्टुडिओचा पत्ता सांगून ती म्हणाली, "तिथल्या कपडे बदलायच्या खोलीत आरशाच्या वरची हवेची जाळी पाहा." नाव विचारताच फोन बंद. अशा खबरा पुष्कळदा धंद्यातल्या वैरातून येतात, म्हणून मी साध्या वेशात महिला शिपाई पाठवून खात्री करायचं ठरवलं. पण दुसऱ्या सकाळी हजेरी चालू असतानाच एक तरुणी समोर येऊन उभी राहिली. बोलली, तर आवाज कालचाच.

"फोन मीच केला होता मॅडम. लग्नाआधीच्या फोटोसाठी गेली होती तिथं. साडी बदलताना जाळीच्या मागं काहीतरी चमकून राहिलं होतं."

पारशिवनीकडच्या गावातली ही मुलगी सेतू केंद्रात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरायची. होणाऱ्या सासरच्यांनी तिला गप्प बसायला बजावलं होतं.

"फिर्याद देते मी. पण एक वचन पाहिजे. माझा व्हिडिओ भेटला, तर तो नेटवाल्या कॉम्प्युटरवर उघडायचा नाही. नेटवर चढलेली गोष्ट कुठं कुठं जाते, ते मले रोज दिसते."

"दिलं," मी म्हणाले. किती सहज म्हणाले! भिंतीतली एक वायर उपटली की वचन पाळलं जातं, अशी माझी समजूत होती.

महिला पंच घेऊन छापा घातला. जाळीमागे कॅमेरा सापडला, पण त्यातलं कार्ड कोरं. लॅपटॉप आणि त्याला जोडलेली हार्ड डिस्क जप्त केली, पंचनामा झाला, मुद्देमाल सीलबंद झाला. सायबरच्या उपनिरीक्षकांनी मूळ डिस्कला धक्का न लावता दोन्हींच्या हुबेहूब प्रती काढल्या. लॅपटॉपमध्ये लग्नाचे फोटो निघाले. हार्ड डिस्कमध्ये मात्र नुसती अक्षरांची खिचडी. पूर्ण डिस्क पासवर्डाने कुलूपबंद होती.

स्टुडिओवाला शांत होता. "कॅमेरा चोरांसाठी लावला जी. डिस्कमंदी जुनी कामं आहेत. पासवर्ड भुललो."

डिस्क उघडली नसती, तर कोऱ्या कार्डाच्या कॅमेऱ्यावर गुन्हा टिकला नसता. तो सुटून घरी गेला असता, आणि त्याच्याकडे काय काय होतं हे त्या मुलीला जन्मभर कळलं नसतं.

कुलूप उघडणारं सॉफ्टवेअर सायबरकडे होतं. मी वेगळ्या खोलीत वेगळा कॉम्प्युटर लावून घेतला. वायर नाही, वायफाय नाही, दारावर महिला शिपाई. उपनिरीक्षक हुशार गडी, पण तोंडात सदा सुपारी-तंबाखूचा खर्रा. तो मी दाराबाहेर थुंकायला लावला. त्यांनी सॉफ्टवेअर सुरू केलं आणि त्या शहाण्या सॉफ्टवेअरने पहिली मागणी केली ती इंटरनेटची. परवाना तपासायचा म्हणे.

वरिष्ठ साहेबांना कळलं. "अहो मॅडम, मोबाईलचं हॉटस्पॉट लावा, परवाना तपासला की बंद करा. एवढा काय हट्ट?"

"साहेब, उद्या आरोपीचा वकील म्हणेल, पोलिसांनीच नेटवरून व्हिडिओ आणून टाकला. शिवाय मी शब्द दिलाय."

"शब्द? कोठडीची मुदत संपत आली आहे. मी सांगतोय ना, लावा."

"लावते. लेखी आदेश द्या."

पोलीस खात्यात लेखी आदेश मागितला की पुष्कळ घाई आपोआप थंड होते. आदेश आला नाही. हॉटस्पॉट लागलं नाही. माझी बदली गडचिरोलीला होणार, अशी बातमी मात्र चहाच्या टपरीवर माझ्याआधी पोहोचली.

परवान्याला दुसरी वाट निघाली. बंद कॉम्प्युटरने पडद्यावर एक लांबलचक सांकेतिक क्रमांक दाखवला. उपनिरीक्षकांनी तो कागदावर उतरवला, आपल्या कचेरीतून कंपनीला कळवला आणि उत्तरात आलेला क्रमांक हाताने टंकला. सॉफ्टवेअर मुकाट्याने कामाला लागलं. शब्दामागून शब्द लावून पाहत होतं. कुलूप ढिम्म.

मग मी चौकशीच्या खोलीत गेले. टेबलावर जोरात हात आपटला. स्टुडिओवाला कळवळून म्हणाला, "मॅडम, दुखन ना हात." दुखलाच होता. मी तो पाठीमागे लपवला आणि दरारा चेहऱ्यावर तसाच ठेवला.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा थांबला. आम्ही दोघेही घामाघूम.

"इथंही जाते काय जी?" तो म्हणाला. "मौद्याले एवढी बिजली बनते, अन् आपण नुसते शिजून राहिलो."

मला दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून विचारलं, "मग तुझी कामं वाया जात असतील ना?"

"मी काय येडा आहो? लॅपटॉप कधी बंदच नाही करत. बॅटरी उतरली का तो आपोआप झोपते. लाईट आली का जे जिथं उघडं होतं ते तिथंच उघडं. तुमची धाड पडली तेव्हाही झोपूनच होता."

पासवर्डाच्या बाबतीत तोंड शिवून बसलेला माणूस आपल्या हुशारीची गोष्ट निघाली की थांबत नाही. दारात उभे असलेले उपनिरीक्षक मला बाहेर बोलावून अक्षरशः नाचायला लागले.

"मॅडम, झोपण्याआधी लॅपटॉप डोक्यात आहे ते सगळं आपल्या पोटात लिहून ठेवते. त्या वेळी कुलूपबंद डिस्क उघडी असन, तर तिची किल्लीही तिथंच असन. यानं घराले कुलूप लावलं अन् किल्ली पायपुसण्याखाली ठेवली!"

"मग आधी काहून नाही सांगितलं गा?"

"मले वाटलं, स्टुडिओवाला आहे, रोज बंद करत असन."

वीज आली. सॉफ्टवेअरला पासवर्ड शोधायचं सोडून लॅपटॉपच्या प्रतीतली ती झोपेची फाईल चाळायला लावली. संध्याकाळच्या आत डिस्क उघडली. शेकडो फायली. मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि फिर्यादी मुलीला बोलावलं. ओळख पटवणं भाग होतं.

तिची फाईल लावली. पहिल्याच दृश्यात पडदाभर स्टुडिओवाल्याचा चेहरा, नाकातले केस मोजता येतील इतक्या जवळून. कॅमेरा चालू करून तो स्वतःच जाळी बसवत होता. मग समोर रिकामी खोली, दार आणि दारातून आत येणारी ती. मी तिथेच थांबवलं.

"पुढं पाहायची गरज नाही," मी म्हणाले.

"माझं लुगडं आहे ते. अन् थोबाड त्याचं." ती उठली. "पाणी द्या मॅडम थोडं."

दोषारोपपत्र वेळेत गेलं. त्या मुलीची सोयरीक मोडली. माझी बदलीही झाली, गडचिरोलीला नाही, पण झाली. नव्या ठाण्यात कोणी महिलेच्या जबाबात 'लाजेखातर' हा शब्द लिहिला, की मी विचारायची, तिने म्हटला का? नसेल म्हटला तर खोडा. आपण पोलीस फार उदार आहोत. आरोपीच्या वाट्याची लाज फिर्यादीच्या नावावर सहज लिहून टाकतो. ते मी त्या मुलीकडून शिकले, आणि तेही कोर्टात.

सुनावणी बंद दाराआड होती. बचावाच्या वकिलांनी आवाज मऊ करून तिला विचारलं, "हे सगळं न्यायालयात सांगताना तुम्हाला लाज वाटत नाही का?"

तिने पिंजऱ्यातल्या स्टुडिओवाल्याकडे बोट केलं.

"मी साडी बदलून राहिली होती जी. लाजायचं काम तो करून राहिला होता. त्याले विचारा."