मुलुंड प्रिंटचं शेवटचं पान

हरेश्वर,

तू मेलास म्हणून मी तुझ्याबद्दल गोड बोलेन अशी समजूत करून घेऊ नकोस. गोड बोलायला तुझ्या शोकसभेत माणसं खूप जमली होती. एक म्हणाला, सिनेमाचा चालताबोलता इतिहास गेला. दुसरा म्हणाला, उपनगरातला ऋषी गेला. ऋषी! लेथवर काम करणारा, दिवसाला विड्यांचं बंडल संपवणारा, दिलेली वेळ जन्मात न पाळणारा ऋषी. मी मागच्या खुर्चीत बसून ऐकलं आणि चहा न घेता उठून आले.

आता ती पॉडकास्टवाली दोघं, कृणाल आणि नेत्रा, माझ्या मागे लागलेत, मेस्त्रीकाकांवर काहीतरी लिहून द्या म्हणून. लिहिते. पण तुलाच उद्देशून लिहिते. जे म्हणायचं ते तोंडावर म्हणायची मला सवय आहे, आणि तोंड उरलं नाही हा माझा दोष नाही. तुला सगळं ठाऊक आहे, वाचणाऱ्यांना नाही. त्यामुळे अधूनमधून त्यांना सांगावं लागेल. तेवढ्यात मध्ये बोलू नकोस.

तू हरेश्वर मेस्त्री. गाव कुडाळच्या अलीकडे, वडील परळच्या गिरणीत, तू मॅट्रिकला दोनदा बसून सुटलेला आणि मुलुंडच्या एका कारखान्यात टर्नर. आवाज मात्र देवाने चुकून तुझ्या गळ्यात टाकला होता. कामगार नाट्यस्पर्धेत तुमच्या कारखान्याचं नाटक असायचं, पण तुला भूमिका कोणी देत नसे, कारण पाठ केलेली वाक्यं तू स्टेजवर बदलायचास. म्हणून तुला प्रॉम्प्टर केलं. विंगेत बसूनही तू तेच केलंस. नट अडखळला की लेखकाचं वाक्य सोडून स्वतःचं पुरवायचं. एका वर्षी नाटकाला संवादलेखनाचं बक्षीस मिळालं आणि लेखक घरी जाऊन रडला, हे तूच मला हसत हसत सांगितलंस. मी हसले नव्हते.

मी तेव्हा घाटकोपरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. आपली गाठ पडली ती मुलुंडच्या फिल्म सोसायटीत. एका शाळेचा हॉल, सोळा एमेमचा प्रोजेक्टर, लोखंडी खुर्च्या, महिन्याचा तिसरा रविवार. दीडशे सभासद. त्यातले चाळीस सिनेमा बघायला यायचे. उरलेले सेन्सॉरने कापायचं राहिलेलं काहीतरी दिसेल, या आशेवर चिवटपणे बसायचे. वकिलातींकडून रिळं यायची आणि पुष्कळदा त्यांच्यावर खाली उमटणाऱ्या इंग्रजी ओळी नसायच्या. सोबत टाइप केलेली इंग्रजी संवादांची चळत असायची. मी त्याचा मराठी अनुवाद करायचा, आणि अंधारात पुठ्ठ्याआडच्या दिव्यापाशी बसून तू तो माइकवर वाचायचास. बाई, बाप्या, पोर, पाद्री, सगळ्यांचं तूच.

वाचायचास म्हणते, पण वाचायचास कुठे? एका पोलिश सिनेमात पाद्री चौकात उभा राहून लोकांना म्हणतो, ‘पश्चात्ताप करा.’ मी तेच लिहिलं होतं. तू म्हणालास, ‘मंडळी, ज्याच्यासाठी आलात ते या रिळात नाही, पुढच्याही नाही.’ हॉल हसून हसून लोळला. बारा सभासद उठून घरी गेले. मी तुला नंतर जिन्यात गाठून झापलं, तर म्हणालास, “अगो, अर्थ तोच ना? त्यांका पश्चात्ताप झालो की नाय?”

ही तुझी जात. तर आता त्या हंगेरीच्या सिनेमाकडे येते.

नदीकाठी नाव चालवणारी एक बाई. नवरा तिला टाकून गेलेला. सबंध सिनेमाभर ती लोकांना या काठावरून त्या काठावर नेते आणि फारसं बोलत नाही. शेवटी हिवाळ्यात, बर्फ पडत असताना, तो परत येऊन दारात उभा राहतो. कॅमेरा फक्त तिच्या चेहऱ्यावर. ती एकच वाक्य बोलते आणि सिनेमा संपतो. ते वाक्य आहे, ‘बूट बाहेर काढ.’

त्या तीन शब्दांसाठी मी तीन दिवस घालवले. ‘जोडे काढून ये’ लिहिलं, खोडलं. ‘ये’ म्हटलं की ती विरघळली. न म्हणता तिने त्याला आत घेतलंय. माफ केलंय असंही नाही, जमीन मात्र पुसलेली आहे. हे सगळं त्या तीन शब्दांत बसलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. असं बरं आयुष्यात चारदोनदाच वाटतं.

आणि तू त्या रविवारी संध्याकाळी माइकवर काय म्हणालास? ‘तू येशील म्हणून दार उघडं ठेवलं नव्हतं. मला वारा हवा होता.’

बाहेर बर्फ पडतोय आणि हिला वारा हवाय! दीडशे माणसांपैकी एकाच्या डोक्यात हा प्रश्न आला नाही. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी वाजवल्या नाहीत, कारण ते वाक्य त्या दिवशी सकाळी दहा वाजता, घाटकोपरला आमच्या दारात, मी तुला म्हटलं होतं.

शनिवारी पाचला तालमीला येतो म्हणाला होतास. घरात मी एकटी, आईवडील लग्नाला गेलेले. साडेसातपर्यंत वाट पाहिली. तू उगवलास रविवारी सकाळी, काखेत कागद, दात काढून. “दार उघडांच? माझीच वाट बघी होतंस ना गो?” त्यावर मी ते म्हटलं. तू हसलास, उंबऱ्यावरूनच मागे फिरलास. संध्याकाळी माझं वाक्य माझ्याच हेलात माइकवरून सगळ्या मुलुंडला ऐकवलंस. त्यानंतर सात वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही. तोवर व्हिडिओ आले होते आणि सोसायटी बंद पडली होती. कारखानाही बंद पडला. तू गणपतीच्या मंडळांत निवेदनं करत फिरलास, लग्न केलंस, मुलगा वाढवलास, बायको गेली. मीही लग्न केलं, विधवा झाले, मुलुंडला राहायला आले. भाजीवाल्यासमोर भेट झाली की आपण एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करायचो. तेवढ्यावर हे संपायला हरकत नव्हती.

पण गेल्या वर्षी त्या पॉडकास्टवाल्यांना तू सापडलास.

‘पडद्याअलीकडे’ असं त्याचं नाव. तिशीतली दोघं. गोरेगावात नेत्राच्या घरी, खिडकीला गोधडी लावून, जुन्या आणि परदेशी सिनेमांवर दोन दोन तास बोलतात. मी ऐकलंय. प्रत्येक सावलीचा अर्थ लावतात. दिग्दर्शकाला दिवा नीट लावता आला नसेल, ही शक्यता त्यांना कधी सुचत नाही. तू इस्त्रीचा शर्ट घालून गेलास आणि तीन भाग गाजवलेस. दुसऱ्या भागात ते वाक्य म्हणालास. नेत्राच्या अंगावर काटा आला, तसं तिने सांगितलं. मग चाळीस मिनिटं त्या वाऱ्यावर चर्चा. ती पुरुषाऐवजी वारा निवडते. वारा म्हणजे तिचं स्वातंत्र्य. अरे, वारा म्हणजे फेब्रुवारीतलं घाटकोपर आणि बंद पडलेला पंखा!

पुढच्याच आठवड्यात बोरिवलीच्या कोणा सौरभने त्यांना लिहिलं की या सिनेमाची नवी स्वच्छ प्रत मी ओळींसकट पाहिली, त्यात बाई बुटांबद्दल काहीतरी बोलते. शहाण्या माणसाने काय म्हटलं असतं? म्हाताऱ्याने वाक्य पदरचं घातलं. पण सिनेमावर प्रेम करणाऱ्यांना एवढी साधी गोष्ट कशी पटणार? त्यांनी शोध लावला की मूळ शेवट वेगळा होता, तिकडच्या सरकारने तो बदलायला लावला, आणि बदलण्याआधीची एकुलती एक प्रत वकिलातीमार्फत मुलुंडला येऊन गेली. तिला नावही दिलं, ‘मुलुंड प्रिंट’. बुडापेस्टला ईमेल गेले. आणि तू? तुला चौथ्या भागासाठी परत बोलावलं, तर तू गंभीर आवाजात म्हणालास, “रीळ जरा लांब होतं खरं.”

मी फोन केला. कृणालने उचलला.

“आजी, तुमचं नाव काकांनी घेतलं होतं. तुम्ही टायपिंग करायच्या ना?”

“अनुवाद करायचे. आणि आजी म्हणू नका.”

“सॉरी मॅडम. सो स्वीट. पण काकांना ते वाक्य शब्दशः आठवतंय.”

“आठवणारच. मीच त्याला म्हटलं होतं.”

“म्हणजे सिनेमा बघून तुम्ही नंतर...”

“सिनेमाच्या आधी. सकाळी दहाला.”

तो आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाला, “मॅडम, पन्नास वर्षं होत आली. आठवणींचा क्रम उलटसुलट होतो. माझ्या आजीचंही तसंच होतं.”

फोन आपटता येत नाही हल्ली, हे या फोनांचं मोठं वैगुण्य आहे.

म्हणून मी तुझ्याकडे आले. खोटी ठरले होते मी, माझ्या वाक्यासाठी आणि माझ्या अनुवादासाठी, दोन्हीसाठी. आणि मला खरी ठरवू शकणारा माणूस जगात एकच होता, तो गॅलरीत बसून पेज ओरपत होता.

“शेवटचं पान कुठे आहे?” मी विचारलं. बाकीची सगळी पानं माझ्या फाइलमध्ये आहेत. तेवढंच तू परत केलं नव्हतंस.

“वाऱ्यान गेला.”

“हॉलच्या खिडक्या काळ्या कागदाने बंद असायच्या, हरेश्वर.”

“पोरांका आवडलां गो. कशाक मोडतंस?”

“ती पोरं बुडापेस्टला पत्रं लिहितायत!”

“लिहूं देत. तेवढाच त्यांका काम.”

“लाज वाटत नाही? त्या बाईने त्याला आत घेतलं होतं. तू पन्नास वर्षं तिला दारात उभी करून ठेवलीस.”

यावर तू पेजेचा वाडगा खाली ठेवलास. “आयुष्यभर बोललंय मी,” तू म्हणालास. “माझा एकच वाक्य लोकांच्या ध्यानात रवला.”

“ते तुझं नाही.”

“नाय,” तू म्हणालास. “तुझा.”

एवढं ऐकायला मला इतकी वर्षं लागली, आणि ऐकायला तिसरं कोणी नव्हतं. तुझी सून अक्षतासुद्धा आत कुकर लावत होती. मी म्हटलं, हेच माइकवर सांग. पान आणून वाच. तू म्हणालास, “बेस्तरवारी चार वाजता. रिक्षा मी आणतंय. तू नुसती फाइल घेऊन खाली उभी रव.”

“म्हणजे पान आहे?”

“येतंय म्हटलंय ना!”

गुरुवारी चारला मी फाइल घेऊन आमच्या इमारतीच्या फाटकाशी उभी राहिले. पावणेपाच झाले. वॉचमनने खुर्ची आणून दिली, मी बसले नाही. मनात म्हटलं, शनिवारचीच पुनरावृत्ती. वर गेले आणि दार लावून घेतलं. फोन दोनदा वाजला, अनोळखी नंबर होता, मी उचलला नाही. तो अक्षताचा होता. तुला दुपारी एकलाच हॉस्पिटलात नेलं होतं. शनिवारी तू गेलास. मला अपराधी वाटलं का? नाही. राग आला. अजून आहे.

पंधरा दिवसांनी अक्षता आली. गुरुवारसाठी इस्त्री करून हँगरला लावलेल्या शर्टाच्या खिशात हे होतं, म्हणाली. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं पिवळं पान. अक्षर माझं. ‘बूट बाहेर काढ.’ त्याच्याभोवती तुझ्या पेन्सिलीच्या खुणा, कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचं. ‘बूट’च्या आधी दोन उभ्या रेघा, म्हणजे चांगलं थांबायचं. आणि समासात, तुझ्या गिचमिड अक्षरात: ‘हळू. रागान नाय.’

शो झाल्यावर वाक्यावर खुणा कशाला करशील? त्या आधीच्या आहेत. शनिवारी तू हेच करत बसला होतास, आणि रविवारी सकाळी आमच्या दारात तू हे वाचून दाखवायला आला होतास.

मग सांगायचं ना, गाढवा.

पान मी कृणालला आणि नेत्राला दाखवलं. दोघांनी ते उलटसुलट करून पाहिलं. मग मुलुंड प्रिंटवरचा भाग काढून टाकतो म्हणाली. मी म्हटलं, काढू नका, राहू दे, त्याच्याखाली खरं काय ते लिहा. ते त्यांनी लिहिलंय. आता म्हणतात, मॅडम, तुम्ही या आणि तेवढी ओळ तुमच्या आवाजात वाचा, माइक लावून ठेवतो.

मी नाही म्हणून सांगितलं. लिहिणं माझं काम होतं, ते मी १९७७ सालीच केलंय. वाचणं तुझं होतं. पान फाइलमध्ये शेवटी लावलंय, फाइल दाराजवळच्या टेबलावर आहे, आणि रिक्षा तू आणणार होतास.