गावातल्या गावात तीन रात्री

सोलापुरातल्या आमच्या गणवेशाच्या कारखान्यात बसलिंगप्पा हत्तुरे विक्री पाहतात आणि मी हिशेब पाहतो. सव्वीस वर्षं आमची टेबलं एकाच मजल्यावर आहेत. मी माझ्या टेबलाशी असतो, ते त्यांच्या टेबलाशी क्वचितच सापडतात. शाळांना आणि इस्पितळांना गणवेश विकायचे म्हणजे हुबळी, हैदराबाद, कोची, जयपूर असं सारखं फिरणं आलं. येत्या मार्चमध्ये ते निवृत्त होतील, जूनमध्ये मी. त्याआधी त्यांच्याविषयी एक गोष्ट लिहून ठेवावी असं वाटलं.

आमची खरी ओळख एका आक्षेपातून झाली. दहा वर्षांपूर्वी त्यांच्या दौऱ्याचं बिल तपासताना माझ्या लक्षात आलं, की तीच खोली मोबाइल ॲपवर थोडी स्वस्त मिळत होती. मी त्यांना बोलावून घेतलं.

"बसलिंगप्पा, हॉटेलशी थेट बोलून जास्त पैसे का दिले?"

"साहेब, ॲपवरनं घेतलेली रात्र ती लोकं मोजत न्हाईत."

"कोण मोजत नाही?"

मग त्यांनी खुर्ची ओढून मला समजावलं. मोठ्या हॉटेलांच्या साखळ्या असतात. त्यांचं सभासदत्व फुकट असतं. थेट घेतलेली प्रत्येक रात्र खात्यात धरतात आणि रात्री वाढल्या की दर्जा वाढतो. वर्षात साठ रात्री झाल्या की सगळ्यात वरचा दर्जा. मग त्याच भाड्यात न्याहारी, मोकळी असली तर मोठी खोली. "न्याहारी फुकट, म्हंजे कंपनीचंच वाचलं की. बघा तुमीच." मी तीन दौऱ्यांची बिलं काढून पाहिली. त्यांचं बरोबर होतं.

तरी माझा दुसरा प्रश्न होताच. रात्री कंपनीच्या खर्चाने, मग त्यावर मिळणारे पॉइंट, ज्यांवर पुढे फुकट खोली मिळते, ते यांचे कसे? त्यांनी बॅगेतून घडी घातलेला कागद काढला. सभासद होण्याआधीच त्यांनी मालकांकडून लेखी परवानगी घेतली होती. सापडल्यावर परवानगी मागणारे मी नोकरीत पुष्कळ पाहिले. आधी मागणारे हे एकटेच.

त्यांची पद्धत साधी होती, पण दुसऱ्या कुणाला ती पाळता आली नाही. इतर विक्रेते या गावात हे हॉटेल, त्या गावात ते, असं उतरतात. त्यांच्याकडे सहा सभासदत्वं असतात आणि एकाही ठिकाणी त्यांना कुणी विचारत नाही. बसलिंगप्पांनी एकच साखळी धरली. दौऱ्यावरून आले की सोमवारी रात्रींची नोंद झाली का ते पाहायचे आणि होईपर्यंत पावती फाडायची नाही. पॉइंट वापराविना पडून बाद होऊ द्यायचे नाहीत, पण यादीतल्या वस्तूंवर उधळायचेही नाहीत. एकदा पॉइंटच्या बदल्यात टॉवेलचा संच देऊ केला होता, तेव्हा ते हसत माझ्या टेबलापाशी आले. "सोलापूरच्या माणसाला टॉवेल देतायत साहेब! मागचं लेबल बघितलं तर आपल्या एमआयडीसीतलाच निघंल."

हैदराबादच्या प्रदर्शनाला शिलाई विभागातल्या अंबुबाई आणि आणखी तिघी त्यांच्याबरोबर गेल्या होत्या. बसलिंगप्पांना त्यांच्या दर्जामुळे मोठी खोली मिळाली. त्यांनी तिची चावी बायकांना दिली आणि स्वतः साध्या खोलीत गेले. अंबुबाई महिनाभर विभागात सांगत होत्या, "एवढा मोठा टब! आमी त्यात चौघींच्या साड्या भिजवल्या की!"

सन २०२४ हे त्यांचं दहावं वर्ष. सलग दहा वर्षं वरचा दर्जा टिकवला, तर तो जन्मभर राहतो, असा त्या साखळीचा नियम. कोविडच्या काळातली दोन वर्षं साखळीने आपणहून धरून दिली होती. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बसलिंगप्पांच्या सत्तावन्न रात्री झाल्या होत्या आणि बेळगावचा तीन रात्रींचा दौरा ठरलेला होता. तेवीस तारखेला तिकडच्या संस्थेचा निरोप आला, की येऊ नका, व्हिडिओवर बोलू. मार्चनंतर त्यांना कुणी कुठे पाठवणार नव्हतं. ही संधी शेवटची होती.

"पॉइंट तर भरपूर आहेत ना तुमच्याकडे?" मी म्हटलं.

"पॉइंटवर खोली मिळंल साहेब. पण दर्जा गेला की काउंटरवर मी कुणीच नसणार." ते पुढे म्हणाले, "बत्तीस वर्षं झाली लग्नाला. गौरम्मा एकदाबी माझ्यासंगं आली न्हाय. आदी आईचं दुखणं, मग पोरांच्या शाळा. तिला एकदा दाखवायचंय, मी एवढ्या रात्री कुटं काढल्या ते. आन् तितं मला वळखतात, हे बी तिला दिसू दे."

त्याच साखळीचं एक लहान हॉटेल गेल्या वर्षी आपल्याच गावात होटगी रस्त्यावर सुरू झालं आहे. बसलिंगप्पांनी तिथे स्वतःच्या पैशाने अठ्ठावीस, एकोणतीस आणि तीस तारखेच्या रात्री घेतल्या. एकतीसची रात्र उपयोगाची नव्हती, कारण खोली सोडल्यावर नोंद होते आणि ती पुढच्या वर्षात गेली असती.

मी म्हटलं, "चावी घ्या आणि घरी जाऊन झोपा. कोण बघतंय?"

रिक्षाची खोटी पावती आणणाऱ्या विक्रेत्याकडे मी जसा पाहतो, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नियमात लिवलंय, सोता ऱ्हायला पायजे. आन् साहेब, तुमी मला असलं सांगताय?"



गौरम्मावहिनींना त्यांनी बरोबर यायला सांगितलं होतं. "घर पाच किलोमीटरवर आन् झोपायला हॉटेलात? लोक काय म्हणतील!" म्हणून त्या आल्या नाहीत. अठ्ठावीसला संध्याकाळी बसलिंगप्पा एकटेच बॅग घेऊन गेले.

लोकांनी म्हणायला वेळ लावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींच्या माहेरचा एक नातलग त्याच हॉटेलात कसल्याशा बैठकीला गेला. पायात स्लिपर, हातात पेपर आणि समोर इडली अशा थाटात त्याला बसलिंगप्पा दिसले. दिवस मावळायच्या आत वहिनींच्या माहेरी, वळसंगला बातमी पोचली, की बसलिंगप्पा बायकोशी भांडून घराबाहेर पडले.

तीस तारखेला वेळा अमावस्या होती. त्या दिवशी आमच्याकडे सगळे शेतात जाऊन पूजा करतात आणि तिथेच जेवतात. वहिनींचे थोरले भाऊ धुळाप्पा यांच्या वळसंगच्या शेतात मलाही दरवर्षी बोलावणं असतं. बसलिंगप्पा हॉटेलातून स्कूटरवर आले, वहिनी घरून माझ्या गाडीत आल्या. दोघं दोन वाहनांतून उतरलेली सगळ्यांनी पाहिली आणि भांडणाबद्दल उरलीसुरली शंकाही राहिली नाही.

ज्वारीच्या कडेला पंगत बसली. पालेभाज्या आणि शेंगादाणे एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, ताकातली आंबील. धुळाप्पा स्वतः वाढत होते. बसलिंगप्पांच्या पानापाशी येऊन ते थांबले.

"काय पावणं, घरची भाकर कडू लागाय लागली व्हय?"

बसलिंगप्पांनी साठ रात्रींचा नियम पहिल्यापासून सांगितला. कुणाच्या डोक्यात काही शिरलं नाही. शेजारच्या शेतातले म्हातारे सिद्धप्पा म्हणाले, "म्हंजे साठ राती घराभायेर झोपल्याबद्दल बक्षीस?"

"तसंच म्हणा."

"आन् बायकू घरी एकटी झोपती, तिला काय देत्यात?"

पंगत हसली. धुळाप्पा हसले नाहीत. "हे बगा पावणं, माझ्या बहिणीला लोक इचारायलेत. आज दोगंबी हितं मुक्काम करा. उद्या मी दोगांना एका गाडीतनं घरी सोडतो. चार लोकांनी बघितलं म्हंजे मी गप."

बसलिंगप्पांनी हातातला घास पानात ठेवला. मग वहिनींकडे त्यांनी एकदा पाहिलं. त्या मान खाली घालून उंडा कुस्करत होत्या.

"बरं," ते म्हणाले. "ऱ्हातो."

दहा वर्षं त्या एका शब्दात गेली. मी काही बोलणार, तोच त्यांनी हाताने मला गप्प केलं आणि आंबिलीची वाटी तोंडाला लावली.

वहिनींनी हात धुतले आणि त्या सरळ माझ्यापाशी आल्या. "साहेब, आता एकच रात ऱ्हायलीय?"

"हो. आजचीच."

"आन् ती चुकली तर?"

"तर मागची नऊ वर्षंही उपयोगाची नाहीत."

"ह्यांनी हे आत्ता सांगितलं न्हाय अण्णाला."

"तुमच्याकडे बघून नाही सांगितलं."

त्या वळल्या. "अण्णा, एक डबा भर मला. उंडे जरा जास्त घाल. मी ह्यांच्यासंगं चाललेय."

"कुटं?"

"हॉटेलात. आता कुणी इचारलं तर सांग, दोगंबी घर सोडून गेली म्हणून."

सिद्धप्पांना हसता हसता ठसका लागला. धुळाप्पा बहिणीकडे बघत उभे राहिले. मग डबा भरायला बसले. "आंबील बी ने," ते म्हणाले. "तितं मिळायची न्हाय."

उन्हं कलली तेव्हा वहिनी मांडीवर डबा धरून स्कूटरवर मागे बसल्या आणि दोघं गेली. मी रिकाम्या गाडीने परत आलो.

साठ रात्री पूर्ण झाल्याचा आणि दर्जा कायम झाल्याचा संदेश जानेवारीच्या चार तारखेला आला. मला मात्र त्यापेक्षा एकतीस तारखेची सकाळ जास्त आठवते. न राहवून मी दहा वाजता हॉटेलात गेलो. बसलिंगप्पा खाली एकटेच चहा पीत बसले होते.

"वहिनी कुठे आहेत?"

"झोपल्यात." हे त्यांनी असं सांगितलं, की जणू मोठी ऑर्डर मिळाली आहे. "रोज पाचला उठती ओ ती. आज आठला डोळं उघडलं, पडद्याकडं बघितलं, म्हणाली अजून अंधारच हाय, आन् परत झोपली."

रात्री काउंटरवरच्या बाईंनी वहिनींना नावाने हाक मारून 'या' म्हटल्याचंही त्यांनी सांगितलं. वहिनींना नवल वाटलं. बसलिंगप्पांनी पहिल्या दिवसापासून खोली दोघांच्या नावावर घेतली होती, पण घरी तसं बोलले नव्हते.

साडेअकरा वाजले. खोली बाराला सोडायची होती. ते उठून काउंटरवर गेले. इतक्या वर्षांत स्वतःसाठी काही मागताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

"चारपर्यंत खोली ठेवता येईल का?"

"आपल्या दर्जाला ती मिळतेच सर. काही काम निघालं का?"

"काम न्हाय," बसलिंगप्पा म्हणाले. "वर माणूस झोपलंय."