घोड्याचं कार्ड

जपानात दर वर्षाला एक जनावर असतं. बारा जनावरं झाली की पुन्हा पहिल्यापासून. मुलगी लग्न होऊन तिकडे गेल्यापासून दर जानेवारीत त्या वर्षाच्या जनावराचं शुभेच्छा-कार्ड आमच्या जगतपुऱ्याच्या फ्लॅटवर यायचं. गेल्या वर्षी साप आला. बायकोने नागोबा म्हणून त्याला हळदकुंकू वाहिलं, देव्हाऱ्यात ठेवला. शेजारणीला मोडक्या हिंदीत गोष्टही सांगितली: देवाने जनावरांची शर्यत लावली, साप घोड्याच्या खुराला वेटोळं घालून लपला, ऐनवेळी बाहेर आला, घोडा बिचकला आणि मागे पडला. "मतलब अगले साल घोडा आएगा जी!"

मे महिन्यात बायको गेली. दोन दिवसांचा ताप, बस्स. मुलीला वेळेवर पोचता आलं नाही, आणि मी ते मनात धरून बसलो. रेल्वेत जन्म काढलाय. उशीर मला खपत नाही.

यंदा जानेवारी लागला तसा मी रोज खाली जाऊन टपालाची पेटी उघडू लागलो. वॉचमन म्हणायचा, "बाऊजी, कुछ नहीं आया." संक्रांत आली, गच्च्यांवर पतंगांचा गोंधळ सुरू झाला, तरी घोड्याचा पत्ता नाही. माझं डोकंच फिरलं. आई गेली, माहेर संपलं! वर्षातून एक कार्ड टाकायला हात झिजतात काय हिचे? फोन लावला आणि नको नको ते बोललो.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, इथे ज्या घरातलं माणूस जातं, ते घर नवीन वर्षाची कार्डं पाठवत नाही. वर्ष संपायच्या आधीच साधं पत्र टाकून सगळ्यांना तसं कळवतात. मी कळवलं. मलाही कुणाचं कार्ड आलं नाही."

"मग मला का नाही कळवलंस?"

"आपल्याच घरात कुणी कळवतं का, बाबा?"

लाज वाटली. मे महिन्यात ती फोनवर रडत म्हणत होती, "तिकीट मिळतंय, दहाव्याला तरी येते." तेव्हा मीच तोंड टाकलं होतं, "लग्न झालेल्या लेकीला तीन दिवसांचं सुतक. ते फिटलं. आता येऊन काय करणार आहेस?"

ती थांबली ती माझ्यामुळे. आणि मी मात्र सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटलो होतो, आई गेली तरी पोरगी फिरकली नाही.