चुलत्यांच्या अंगणात दोन फूट छप्पर

थोरल्या भावाच्या नव्या घराची भिंत मी कॉम्प्युटरवर बरोबर हद्दीच्या रेघेवर उभी केली आणि छप्पर दोन फूट चुलत्यांच्या अंगणात नेऊन सोडलं. हे मला कळलं तेव्हा खुद्द चुलते, त्यांचा मुलगा, सून, आमचा दादा, वहिनी आणि डिंभ्याकडचे गवंडी असे सगळे समोर बसून ते टीव्हीवर बघत होते.

हे कसं झालं ते सांगतो. घर काढायच्या सॉफ्टवेअरला पहिल्यांदा हात घालणाऱ्याला त्याचा उपयोग होईल. मला झाला नाही.

दादा निरगुडसरला शेती करतो. मी पुण्यात एका कंपनीच्या स्टोअरमध्ये कॉम्प्युटरवर बसतो. एवढ्या एका गोष्टीवर गावात माझा मान आहे आणि तो टिकवण्यासाठी मी बरेच नसते उद्योग करतो. जुन्या घराची मागची बाजू खचली, तेव्हा शेजारच्या मोकळ्या जागेत नवं बांधायचं ठरलं. दादा म्हणाला, मंचरच्या इंजिनिअरला बोलवू. मी म्हणालो, इंजिनिअर कशाला, मी आहे की. दोन रविवारांत व्हिडिओ बघून सगळं शिकलो, असं मी सांगत सुटलो होतो. शिकलो नव्हतो. रविवार मात्र दोन गेले होते.

दादाची अट एकच. "काय बी काढ, पण भावकीत वांधा नको."

या अटीला कारण होतं. मोकळ्या जागेला लागूनच चुलत्यांचं अंगण आहे. एका बांधावरून दोन्ही घरांचं नऊ वर्षं बोलणं बंद होतं. विहीर सामाईक आणि मोटर त्यांच्या अंगाला, त्यामुळे त्या काळात पाण्याची पाळी वेळेवर न मिळून दादाचं कांद्याचं रोप दोनदा जळालं. गेल्या वर्षी एका लग्नात दादा आणि चुलतभाऊ एका पंगतीला शेजारी आले, कुणीतरी आधी बोललं, आणि पाळी सुरळीत झाली. यंदा रोप कसं तरारून वर आलं होतं. दादाला घरापेक्षा ते बोलणं टिकवायचं होतं. हे मला पुरतं ठाऊक होतं. मी मान डोलावली आणि लॅपटॉप उघडला.

सुरुवात भिंतींपासून. पहिली सूचना अशी की भिंत ओढण्याआधी तिची जाडी बघा. सॉफ्टवेअर परदेशी, त्याची भिंत चार इंचांची. मी चार इंचांवरच अख्खं घर काढलं आणि स्वयंपाकघर केवढं मोठं निघालं म्हणून वहिनींकडून कौतुक करून घेतलं. गवंड्यांनी फोनवर विचारलं, विटा उभ्या लावायच्या का? मग नऊ इंच केली. सगळ्या खोल्या आत सरकल्या आणि स्वयंपाकघराचं दार उघडलं की गॅसच्या ओट्यावर आपटू लागलं. कौतुक परत गेलं.

छपराचं त्याहून अवघड. दादाला स्लॅब नको होता, रंगीत पत्र्याचं उतरतं छप्पर हवं होतं. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण दाबलं की छप्पर आपोआप पडतं. हे बटण दाबू नका. किंवा दाबा, पण पडलेलं छप्पर कुठवर गेलंय ते खाली वाकून बघा. पहिल्या खेपेला माझं छप्पर इतकं चढं आलं, की बर्फ पडला तर भुर्रकन घसरून जावा. निरगुडसरला तो धोका कमी. वहिनी म्हणाल्या, "भावजी, घराला टोपडं घातलंय का?" मी उतार कमी केला. पण भिंतीच्या चारी बाजूंनी दोन दोन फूट बाहेर आलेली पत्र्याची कड तशीच राहिली, कारण ती छान दिसत होती.

पुढची पडवी वहिनींची मागणी. कांदे निवडायला बायका बसतील एवढी ऐसपैस हवी, बाकी घर कसंही करा म्हणाल्या. मी तिला गोल नक्षीदार खांब लावले आणि कठडा ओढला. कठडा ओढताना पायरीपाशी थांबायचं असतं. मी चारी बाजूंनी ओढला. पाटी डोक्यावर घेऊन उडी मारायची का, एवढंच त्यांनी विचारलं.

आता हद्दीकडे येतो. घोडेगावहून आणलेल्या मोजणीच्या नकाशाचा फोटो काढून मी तो चित्राखाली अंथरला होता. हद्दीची लाल रेघ स्पष्ट दिसत होती. तिच्यावर नेमकी भिंत बसवली आणि इंचभर जागा वाया घालवली नाही म्हणून स्वतःवर खूश झालो. मग ती रेघ चित्राची शोभा घालवते असं वाटून नकाशा लपवून टाकला.

आमच्याकडे घर बांधताना पागोळीची जागा आपल्या हद्दीत सोडतात. छपराच्या कडेवरून गळणारं पाणी आपल्याच मातीत पडलं पाहिजे, दुसऱ्याच्या अंगणात नाही. हे शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसालाही सांगावं लागत नाही. सॉफ्टवेअरला ठाऊक नव्हतं, आणि मी सॉफ्टवेअरच्या बाजूने होतो.

चुना टाकून आखणी करायच्या आदल्या दिवशी भावकीला बोलावतात, म्हणजे पुढे कुणी हरकत घेत नाही. दादाने रीतसर चहाला बोलावलं. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि घर गरागरा फिरवून दाखवू लागलो. आत नेलं, पडवीत आणलं, पत्र्याचा रंग निळ्याचा तांबडा केला. गवंडी बशीत चहा ओतून फुंकत होते. चुलत्यांनी विचारलं, "पागोळी कुठं पडती?"

मी म्हणालो, काका, रंग हिरवाही होतो.

"रंग ऱ्हाऊ दे. हद्द दाव."

मी मोठ्या उत्साहाने लपवलेला नकाशा उघडला. भिंतीखाली लाल रेघ आली आणि रेघेपलीकडे, पडदाभर, आमचं छप्पर. चुलतवहिनींचा पाणी तापवायचा बंब जिथे आहे, बरोबर त्याच्या डोक्यावर.

चुलतभाऊ म्हणाला, "नऊ वर्षं बांध खालून सरकवला, आता वरून सरकवता व्हय?"

दादाने टॉवेलने तोंड पुसलं. घाम आला नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे रोप होतं, हे मला दिसत होतं.

लगेच दुरुस्त करतो म्हणून मी भिंत पकडली आणि ओढली. घाईत ती उलट्या बाजूला गेली. चुलत्यांचं निम्मं अंगण आमच्या घरात आलं आणि सॉफ्टवेअरने तिथे विनाविलंब फरशीही बसवली. वहिनींनी पदर तोंडाला लावला. चुलते टीव्हीकडे बघत म्हणाले, "फरशी बाकी चांगली हाय."

मी मागे जायचं बटण दाबलं. घाबरलेला माणूस एकदा दाबून थांबत नाही. भिंत मागे गेली, मग छप्पर गेलं, पडवी गेली, खोल्या एकेक करून गेल्या, आणि पडद्यावर नुसती जमीन उरली. जमीन आणि मधून लाल रेघ. दोन रविवार संपले.

त्या दिवशी माझ्या हातून झालेलं तेवढंच एक बरं काम. गवंडी उठले आणि टीव्हीच्या काचेवर बोट टेकवून म्हणाले, हितनं अडीच फूट आत या, पागोळी तुमच्यातच पडंल. दादा एका दमात हो म्हणाला. पण अडीच फूट कमी करायचे कशातून? त्याची नजर पडवीच्या जागेवर गेली.

"पडवीला हात लावायचा न्हाई," वहिनी म्हणाल्या. "भावजींची खोली हाय की."

माझी खोली मी हद्दीच्या बाजूलाच काढली होती. डबल बेड, लिहायचं टेबल, आरामखुर्ची आणि स्वतंत्र बाथरूम. महिन्यातून दोन दिवस मी गावी असतो. बेड मावणार नाही, असं मी हळूच म्हणून पाहिलं. दादाने ऐकलं नाही. त्याचं सगळं लक्ष चुलतभावाच्या तोंडाकडे होतं.

चुलतभाऊ रेघेकडे बघत बसला होता. मग त्याने कप खाली ठेवला. "उद्या सकाळी तुमचीच पाळी हाय," तो दादाला म्हणाला. "मोटर चालू करतो आन् आखणीची दोरी धराया येतो."

दादाचा श्वास मोकळा झालेला मला ऐकू आला. मीही हसलो आणि म्हणालो, दोरीचं दुसरं टोक मी धरतो.

चुलतभावाने माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे वळला. "पयलं ह्याला पुण्याच्या एसटीत बसव, मग चुना टाकू."