हात लागला होता का?

वंदना गेल्याचा फोन आला तेव्हा मी घाटंजीला, शाळेत, पाचवीच्या वर्गावर होते. तिच्या यजमानांचा आवाज अगदी कोरडा होता. "मॅडम, वंदना गेली. सकाळचा चहा ठेवला होता गॅसवर... तिथंच पडली." त्याला आता सहा आठवडे झाले. डी.एड.च्या वसतिगृहापासूनची आमची मैत्री. त्यामुळे लोक मला तिच्याविषयी बोलायला बोलावतात आणि मी काहीतरी कारण सांगून टाळते. खरं कारण आज लिहिते आहे.

वंदना बाभुळगावजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. शाळेला रोबोटचा संच मिळाला, तेव्हा हरवायला नको म्हणून तो कपाटात कुलूपबंद झाला होता. हिनं तो बाहेर काढला, मुलींचा संघ केला आणि स्पर्धेचं इंग्रजी नियमपुस्तक दिवाळीच्या सुट्टीत बसून मराठीत उतरवलं. खेळ तसा सोपा. टेबलावर चटई, तिच्या एका कोपऱ्यात विहीर, समोर शेत. मुलींनी बनवलेल्या गाडीनं अडीच मिनिटांत विहिरीतल्या निळ्या रिंगा शेतात न्यायच्या. गाडी सुरुवातीच्या चौकटीबाहेर पडली की आपल्या डोक्यानं चालणार. तिला कोणाचा हात लागला, तर तिच्यातल्या रिंगा बाद. शिक्षकांनी दोरीमागं उभं राहायचं, पंचाशी फक्त मुलांनी बोलायचं, आणि पंचाचा निर्णय शेवटचा.

गेल्या वर्षी यवतमाळच्या जिल्हा फेरीत त्या टेबलावर पंच मी होते. आम्ही मैत्रिणी आहोत हे मी आयोजकांना सांगितलं होतं, पण माणसं कमी होती. मैत्रिणीच्या शाळेला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, म्हणून मी जरा जास्तच डोळ्यांत तेल घालून उभी होते. शेवटच्या क्षणांत तीन रिंगा घेतलेली गाडी शेताच्या कडेशी डगमगली. संघाची कॅप्टन प्राची, आठवीतली, पटकन वाकली. मी हात वर केला. स्पर्श. तिन्ही रिंगा बाद. पुढच्या फेरीसाठी नागपूरला जाणं एका रिंगेनं हुकलं.

"मॅडम, माहा हात नाही लागला," प्राची म्हणाली. दोरीमागून वंदना एवढंच बोलली, "प्राची, पंचांनी पाहलं ना? सही कर." पोरीनं गुणपत्रकावर सही केली.

आठ दिवसांनी ओळखीच्या एका पालकानं आपल्या मुलाचा व्हिडिओ मला पाठवला. त्यात मागं आमचं टेबल दिसत होतं. मी तो मोठा करून पाहिला. प्राचीचा हात गाडीच्या वीतभर वरच थांबला होता. गाडीवर पडली होती ती हाताची सावली... वंदनाला पाठवायला मी तो तीनदा काढला. पण निकाल लागला होता, दुसरा संघ नागपूरला जाऊनही आला होता. आता सांगून काय उपयोग, अशी मी मनाची समजूत घातली.

ती जाण्याच्या पंधरा दिवस आधी आम्ही यवतमाळच्या बसस्टँडवर भेटलो. उसाचा रस पिता पिता ती म्हणाली, "शालू, हरलो त्याचं काही नाही. पण ते पोरगी अजून खोटं बोलून राह्यली, ते मले सहन होत नाही. यंदा कॅप्टन नाही केलं मी तिले." मग माझ्याकडं बघत तिनं विचारलं, "तू पाहलं ना सोताच्या डोयानं?"

मी म्हटलं, "पाहलं."

तिची बस लागली. खिडकीतून तिनं हात केला... त्यानंतर ती मला दिसली ती पांढऱ्या कापडात.

गेल्या आठवड्यात मी तिच्या शाळेत गेले. प्राचीला व्हरांड्यात बोलावून तो व्हिडिओ दाखवला. तिनं दोनदा पाहिला.

"वंदना मॅडम मले दर शनिवारी विचारत," ती म्हणाली. "म्हणत, खरं सांग, मी रागावणार नाही. शेवटच्या शनिवारी मी हो म्हणून दिलं. हात लागला होता म्हटलं."

"काहून गं?"

"त्या लय थकल्या होत्या... मले जवळ घेतलं त्यांनी. म्हणाल्या, आता माहा जीव हलका झाला. सोमवारपासून तूच कॅप्टन." तिनं फोन माझ्या हातात ठेवला. "मी त्यांच्याशी तेवढंच एक खोटं बोलली."

मला माफी मागायची होती. तेवढ्यात आतून कोणीतरी प्राचीला हाक मारली, तशी ती गेली. मी दारात उभी राहिले. खोलीत टेबलावर चटई अंथरलेली होती, भिंतीवर वंदनाच्या अक्षरातले नियम होते. गाडी चौकटीतून सुटली आणि चारही मुलींनी एकदम हात पाठीमागं नेऊन बोटांत बोटं अडकवली. त्या स्पर्धेनंतर वंदनानंच त्यांना ही सवय लावली, असं तिथल्या शिक्षकांनी मला सांगितलं. हात लागला असं पुन्हा कोणी म्हणू नये म्हणून.

गाडी शेताच्या कडेशी अडखळली. प्राची जागची हलली नाही. पाठीमागं तिची बोटं मात्र पांढरी पडली होती.