कोऱ्या पट्टीवरचा हात

"मी कावून हात लावू तुह्या पत्र्याले?" केवलराम म्हणाला आणि चहात बिस्कीट बुडवायच्या निमित्तानं त्यानं मान खाली घातली.

पत्र्याच्या पट्टीला हात लावला होता का, असं बेबीताईनं सहजच विचारलं होतं. नवऱ्यावर तिचा संशय नव्हता, हेच त्याला बोचलं.

कूलरची टाकी दर उन्हाळ्यात गंजायची. बेबीताईच्या माहेरी, भंडाऱ्याकडे, गंजलेल्या लोखंडाला बाभळीच्या सालीचा काढा लावत. गंज काळा पडून थांबतो, असं ती सांगे. नेहरू नगरात कोचिंगला केमिस्ट्री शिकवणारी लेक दामिनी म्हणाली, बोलून नाही, करून दाखव. जुन्या कूलरच्या एकाच पत्र्याच्या दोन पट्ट्या कापल्या. एकीला काढा, दुसरी कोरी. दोन्ही मोरीपाशी एकाच तारेवर टांगल्या, दोन्हींवर सारखंच मिठाचं पाणी. फरक काढ्याचाच राहिला पाहिजे, दुसरा कशाचा नाही, असं दामिनीनं साऱ्यांना बजावलं.

केवलरामची उमर प्लांटात फिटरकीत गेलेली. उघडं लोखंड दिसलं की हात खिशातल्या तेलकट चिंधीकडे जातो. ड्युटीवरून आला, कोरी पट्टी दिसली, पुसून मोकळा झाला. बैलाच्या पाठीवरची माशी हाकलावी तसा. काळी पट्टी त्याला रंगवलेली वाटली, तिला शिवलासुद्धा नाही.

निकालाच्या दिवशी कोरी पट्टी होती तशीच, आणि काढ्याच्या पट्टीला कडेनं लाल फोड. पोरगा हेमराज हसला, म्हणाला, अम्माचा काढा प्यायच्याही कामाचा नाही. केवलरामनं पट्टीवर अंगठा फिरवला. अंगठा घसरला. तेव्हाच त्याला सारं आठवलं. तरी तो हसला, आणि हेमराजपेक्षा जास्त हसला.

बेबीताईनं त्याच दिवशी उरलेला काढा नालीत ओतला होता. शेजारच्या गिरजाबाईच्या कूलरलाही ती लावून देणार होती.

"आता गिरजाबाईले सांगून देतो," चहाचे कप उचलत ती म्हणाली, "माह्या बोलण्यावर भरोसा नोको ठेवू म्हणून."

केवलराम उठला. पत्रा कापायची कात्री काढली, उरलेल्या पत्र्याच्या दोन पट्ट्या पाडल्या, दोन्ही सोड्याच्या गरम पाण्यात घासून मोरीपाशी वाळत ठेवल्या.

"कोऱ्या पट्टीले मी तेल पुसलं होतं," तो पाठमोराच म्हणाला.

"हसून राहिले होते तेव्हा मालूम होतं?"

"होतं."

तिनं डब्यातली उरलेली साल काढून पातेल्यात टाकली, गॅस पेटवला.

"दामिनीले तुमीच सांगजा. हेमराजच्या सामने."

त्यानं मान हलवली. दुपारपाळीची वेळ झाली होती. त्यानं हेल्मेट घेतलं, चिंधी खिशात कोंबली आणि कोऱ्या पट्ट्या दिसायला नकोत म्हणून रोजची मोरीकडची वाट सोडून, पुढच्या दारानं स्कूटर काढून ड्युटीवर निघाला.