कापसाच्या खोलीतला तिसरा भाग

आमच्या ग्रुपचा एक नियम आहे. कार्टूनच्या कुठल्याही भागाबद्दल तोंड उघडण्याआधी तो भाग आपण कुठे पाहिला ते लिहायचं. गाव, घर, सोबत कोण. ‘अमरावती, शेजाऱ्यांकडे, खिडकीतून.’ ‘अकोला, आजोळी, ब्लॅक अँड व्हाइट.’ हे लिहिल्याशिवाय कुणी बोललं, तर बाकीचे त्याला बोलू देत नाहीत. बाहेरच्या माणसाला हा खुळचटपणा वाटेल, आणि तो आहेही. पण निम्म्या वेळा वाद मिटतो तो याच ओळीमुळे. अँटेना हलला की अर्धा भाग मुंग्यांमध्ये जायचा, लाइट गेली की शेवट जायचा. कुणी काय पाहिलं हे कुणाच्या घरी पाहिलं यावरच असायचं.

आम्ही सगळे चाळिशी ओलांडलेले. कुणाला बीपीची गोळी, कुणाला चष्म्याचा दुसरा नंबर. विषय मात्र एकच. लहानपणी दर गुरुवारी संध्याकाळी लागणारी एक परदेशी कार्टून मालिका, हिंदीत डब केलेली. एक लोखंडी यंत्रमानव आणि एक मुलगी पाणी शोधत हिंडतात, एवढीच गोष्ट. नंतरचे भाग सगळ्यांना आठवतात. सुरुवातीचे कुणाला धड आठवत नाहीत, म्हणून भांडण सगळं त्या सुरुवातीच्या भागांवर. महिन्यातून एका रविवारी आम्ही बडनेऱ्याच्या स्टेशनवर भेटतो. अकोल्याचे गाडीने येतात, आम्ही अमरावतीचे ऑटोने. चहा घ्यायचा, बाकावर बसायचं आणि भांडायचं.

माझी अडचण अशी, की मी सुरुवातीचे भाग पाहिलेच नव्हते. आमच्या हिवरखेडच्या घरी टीव्ही आला तोवर मालिका निम्मी झाली होती. त्याआधीचे भाग मला दादाने सांगितले. दादा तेव्हा शिकायला अकोल्याला होता, वडिलांच्या चुलतभावाकडे. त्या काकांचं घर म्हणजे शहरातलं, शिकल्या-सवरल्या लोकांचं. काका वकिली करायचे, घरात रंगीत टीव्ही होता. दादा शनिवारी दुपारच्या बसने गावी यायचा आणि दप्तर टाकल्या टाकल्या मला कापसाच्या खोलीत घेऊन जायचा.

भाव चढतील या आशेने वडील वेचलेला कापूस घरातच साठवायचे. माजघराच्या बाजूची खोली आढ्यापर्यंत पांढरी व्हायची. तिथे आम्हाला जायची बंदी होती, कारण कापूस तुडवला जातो आणि अंगाला खाज सुटते. आम्ही जायचोच. दादा ढिगावर चढून गुरुवारचा भाग करून दाखवायचा. यंत्रमानव तोच, मुलगी तोच, वादळही तोच. तिसऱ्या भागात एक खडूस म्हातारी होती. तिच्यासाठी तो आईचं जुनं लुगडं गुंडाळून घ्यायचा आणि घोगऱ्या आवाजात ओरडायचा, “उठ, लोहे के टुकड़े! अभी रास्ता बाकी है!” त्या भागात बर्फाचं वादळ येतं आणि यंत्रमानव बर्फात गाडला जातो. दादा कापसात गडप व्हायचा. मी दोन्ही हातांनी कापूस उपसून त्याला बाहेर ओढायची. रात्रभर दोघंही खाजवत बसायचो आणि आईच्या शिव्या खायचो.

म्हणून मला विचाराल, तर तो भाग मी पाहिलेला आहे. नुसता पाहिला नाही, त्यात मी आहे.

ग्रुपवर पहिल्यांदा बर्फाचं लिहिलं तेव्हा मी प्रामाणिकपणे स्थळ लिहिलं, ‘हिवरखेड, भावाकडून.’ झालं. आमच्यात अमरावतीचे एक वकीलसाहेब आहेत. पोट सुटलेलं, पण या विषयावर उलटतपासणी घ्यायला लागले की श्वास घेत नाहीत. त्यांनी लगेच लिहिलं, “ऐकीव पुरावा कोर्टात चालत नाही, बाई.” तेव्हापासून माझं नाव ‘ऐकीव’ पडलं. सुरुवातीच्या भागात म्हातारी नाहीच, बर्फ तर नाहीच नाही, सगळं वाळवंट आहे, असं त्यांचं म्हणणं. मी चिडले. मी शाळेत शिकवते, वर्गात चिडत नाही तेवढी त्या बाकावर चिडले.

आता लोक म्हणतील, एका कार्टूनपायी एवढं काय? तेच तर सांगायचं आहे. दादा आता बोलत नाही. माझ्याशीच नव्हे, कुणाशीच फारसा नाही. बारावीनंतर तो शेतीत आला आणि हळूहळू कमी कमी बोलत गेला. मी राखीला जाते, दिवाळीला जाते. “कसं हाय?” “बरं हाय.” पाऊस, तूर, वहिनीचे गुडघे. एवढ्यात आमचं बोलणं संपतं आणि मी मोबाइल पाहत बसते. ज्या माणसाने अख्खी खोली वादळाने भरली होती तो हाच, याला माझ्याकडे दुसरा पुरावा नव्हता. ते शनिवार होते, आणि शनिवारांमध्ये बर्फ होता. बर्फ खोटा निघाला तर माझ्या हातात काय राहणार, या विचाराने मला चैन पडेना. शाळेला जाताना गाडीत बसले तरी उठून दारापाशी जायची, परत येऊन बसायची. शेजारच्या बाईने तब्येतीचं विचारलं, इतकी वेळ आली.

आणि त्यातच अकोल्याच्या गुरुजींना कॅसेट सापडल्या.

गुरुजी म्हणजे आमच्यातले सगळ्यात कडवे. पूजा सांगतात, शेंडी राखतात, आणि यंत्रमानवाच्या कोणत्या हातात किती बोटं हेही सांगतात. एका घरी सत्यनारायण सांगायला गेले होते. माळा आवरताना निघालेल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट दाराशी टाकून द्यायला ठेवलेल्या. एकीवर मालिकेचं नाव पाहिलं आणि गुरुजी यजमानांना म्हणाले, दक्षिणा राहू द्या, ह्या द्या. मग कुठून तरी जुनं मशीन पैदा केलं आणि ते भाग मोबाइलवर उतरवून घेतले. पहिला खराब निघाला. दुसरा अर्धा. तिसरा पूर्ण.

बडनेऱ्याला त्या रविवारी आम्ही गुरुजींच्या भोवती उभे राहिलो. डोक्याला डोकी लागलेली. मालगाडी जात होती, तिच्या आवाजात काही ऐकू येईना, पण दिसत होतं. वाळू. चहूकडे पिवळी वाळू. वादळ आलं, वाळूचंच. यंत्रमानव त्यात गाडला गेला. मी म्हातारीची वाट पाहत होते. मालगाडी संपली आणि मोबाइलमधून तोच घोगरा आवाज आला, “उठ, लोहे के टुकड़े!”

तो उंट होता. पापण्या मिटमिटणारा, ओठ लोंबणारा एक म्हातारा उंट.

वकीलसाहेब इतके हसले की त्यांचा चहा सांडला. “ऐकीवबाई, तुमच्या म्हातारीला कुबड आहे!” गुरुजीही हसले, मग माझ्याकडे बघून गप्प झाले. मी हसण्याचा प्रयत्न केला, जमलं नाही. संताप वकिलांचा नव्हताच, दादाचा होता. बर्फ एक वेळ समजू शकते. पण उंटाची म्हातारी? रंगीत टीव्हीवर पाहून आलेला मुलगा उंटाला म्हातारी कसा म्हणेल? म्हणजे मला उल्लू बनवलं. लहान बहीण, गावात टीव्ही नाही, दे काहीही ठोकून. आणि मी ती थाप चाळीस वर्षांची होईपर्यंत जपत बसले, लोकांशी भांडले.

गुरुजींकडून तो भाग मोबाइलवर घेतला आणि पुढच्याच सुट्टीला सकाळी निघाले. अकोल्याहून बस. खिडकीपाशी बसून मनात वाक्यं जुळवत होते, मोडत होते. हिवरखेडला उतरले तेव्हा एकही धड राहिलं नव्हतं.

दादा ओट्यावर फवारणीचा पंप उघडून बसला होता. वॉशर, नळी, स्प्रिंग, सगळं फडक्यावर मांडलेलं. मला पाहून म्हणाला, “अचानक? बरं हाय न सगळं?”

“काही बरं नाही,” मी म्हटलं. “तू मले लहानपणी खोटं काहून सांगतलं?” गावात पाय ठेवला की माझी भाषा आपोआप बदलते.

“काय खोटं?”

मी मोबाइल काढला, तिसरा भाग लावला आणि त्याच्यासमोर फडक्यावर ठेवला. त्याने पाहिलं नाही. हात तेलाचे होते, मान खाली होती, तो नळीत तार घालत होता. सुरुवातीचं संगीत वाजलं आणि त्याचा हात थांबला. मुलगी काहीतरी बोलली. तिच्या पुढचं वाक्य दादा बोलला, तिच्याआधी. मग यंत्रमानवाचं वाक्य, तेही आधी. हळू आवाजात, मान खालीच. शब्द न् शब्द बरोबर, जिथे थांबायचं तिथे थांबून. एवढ्या वर्षांत मी त्याच्या तोंडून एका वेळी इतके शब्द ऐकले नव्हते. वादळाचा वारा घोंघावायला लागला. दादा डोळे मिटून म्हणाला, “आता म्हातारी येते.”

“उठ, लोहे के टुकड़े!”

“तोंड वर कर, दादा,” मी म्हटलं. “पाह्य तरी एकदा.”

त्याने पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. तेलकट बोट पडद्याजवळ नेलं, लावलं नाही.

“हा उंट व्हय?”

तो थट्टा करत नव्हता. मला आधी कळलंच नाही. मग एकदम कळलं आणि माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला.

“तू पाह्यलाच नव्हता,” मी म्हटलं.

“पाहीन कुठून? टीवी समोरच्या बैठकीत. माही जागा मागच्या खोलीत. मंधात भिंत.” त्याने तार पुन्हा नळीत घातली. “आवाज चांगला येत होता पण. पुस्तक उघडून बसायचो न आयकायचो.”

“ते येऊ नाही देत होते?”

“तसं नाई. कोनी नाई म्हटलं नाई.” त्याने तार बाहेर काढून फडक्याला पुसली. “कोनी ये बी नाई म्हटलं.”

वहिनीने आतून चहा झाल्याचं सांगितलं. आम्ही दोघंही उठलो नाही. त्या घरी आम्ही दिवाळीत जायचो, काकू आमच्या हातावर चिवडा ठेवायच्या, आई म्हणायची, पोरगं कसं मजेत हाय इथं. दादा मान हलवायचा.

“मंग बर्फ?” मी विचारलं.

“वारा आयकू येत होता नुसता. कशाचा वारा मले काय मालूम? गडी गाडल्या गेला म्हने, पोरगी त्याले काढून राह्यली म्हने. कशात गाडला?” तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. “घरात कापूस होता. तू बसून होती तोंड उघडं टाकून. बर्फ केला.”

ती खोली आता तशी नाही. कापूस शेतातूनच गाडीत भरून जिनिंगच्या कारखान्यात जातो. तिथे मोटरसायकल आणि हरभऱ्याची पोती आहेत. मी उठून तिच्या दारापर्यंत गेले, आत पाहिलं, परत आले, पुन्हा गेले. बसावंसं वाटत नव्हतं. रडू येत होतं आणि दादासमोर रडायची सवय नव्हती. शेवटी मी मोबाइल उचलला आणि ग्रुपवर लिहायला घेतलं. वकीलसाहेबांना कळू दे, सगळ्यांना कळू दे. ‘तिसरा भाग. माझा भाऊ. अकोला, नातेवाइकांचं घर, मागची खोली. फक्त आवाज.’

पाठवण्याआधी दादाला वाचून दाखवलं. त्याने फडक्याला हात पुसले.

“हे नको लिहू.”

“काहून? खरं हाय ते.”

“काकू हाये अजून. कोनी अकोल्याचं वाचलं तं तिले जाऊन सांगीन. म्हातारपनी तिले काहून वाईट वाटू द्याचं?”

मला वाद घालायचा होता. वाद घालणं मला येतं. पण तो माझ्या हातातल्या मोबाइलकडे पाहत होता, आणि तिथे तो उंट थांबवलेला होता, अर्धवट उघड्या तोंडाने.

“मंग काय लिहू?” मी विचारलं. “नियम हाय. पाह्यला कुठं ते लिहा लागते.”

दादाने पंपाची नळी खाली ठेवली. मोबाइल माझ्याकडून घेतला, भाग पुन्हा पहिल्यापासून लावला आणि ओट्यावर माझ्यासाठी जागा केली.

“हिवरखेड लिही,” तो म्हणाला. “कापसाची खोली. दोघं जनं.”